स्वतंत्र फॅशन छायाचित्रण : कॅटलॉगची कामे चालू ठेवावीत की थांबवावीत?

प्रकाशरेषा :
नमस्कार. गेली काही वर्षे मी स्वतंत्र फॅशन छायाचित्रकार म्हणून काम करते आहे. माझ्या कामाचा मोठा भाग ऑनलाइन विक्रीच्या कॅटलॉगचा असतो. पांढरी पार्श्वभूमी, समोरून, पाठीमागून, बाजूने आणि जवळून अशा ठरलेल्या चौकटी, दिवसभर एकामागून एक बदलत जाणारे कपडे आणि पहिल्या छायाचित्रापासून शेवटच्यापर्यंत तसूभरही न हलणारा प्रकाश, असे त्याचे स्वरूप आहे. ही कामे पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांचे पैसे बऱ्यापैकी वेळेवर मिळतात. ज्यांत छायाचित्रकाराची स्वतःची दृष्टी मागितली जाते ती कामे, म्हणजे मासिकांची एडिटोरियल (मासिकात छापल्या जाणाऱ्या फॅशनच्या चित्रमालिका) आणि ब्रँडची कॅम्पेन (जाहिरात मोहिमा), मात्र अधूनमधूनच वाट्याला येतात.

कॅटलॉगच्या कामाने हात तयार होतो, पण पाहण्याची सवय एका साच्यात बसते, असे माझे मत होऊ लागले आहे. दिवसभर सावली पुसण्याचे काम केल्यावर स्वतःच्या चित्रात सावली कुठे हवी याचा विचार पुन्हा मुळापासून सुरू करावा लागतो. शिवाय आर्ट डायरेक्टर पोर्टफोलिओत जे पाहतात त्याच प्रकारचे काम देतात, त्यामुळे कॅटलॉग करणाऱ्याकडे कॅटलॉगच येत राहतो. म्हणून काही काळ ही कामे पूर्णपणे थांबवून टेस्ट शूट (स्वतःच्या पोर्टफोलिओसाठी केलेले प्रयोगाचे शूट) आणि एडिटोरियलवरच लक्ष द्यावे का, हा माझा प्रश्न आहे. या व्यवसायात असलेल्यांनी, आणि कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूला असलेल्यांनीही, आपले अनुभव कृपया सविस्तर लिहावेत.

करडाकागद :
तुमच्या मताशी मी सहमत नाही. साचा कॅटलॉगच्या कामात नसतो, तो काम देणाऱ्याच्या मागणीत असतो, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. १९८०च्या दशकात छायाचित्रकार निक नाइट यांनी फॅशन डिझायनर योहजी यामामोतो यांच्यासाठी मार्क आस्कोली यांच्या कलादिग्दर्शनाखाली कॅटलॉगच केले होते. काळ्या छायाकृतीच्या पाठीमागे उसळलेला लालभडक जाळीदार कापडाचा फुगारा दाखवणारे १९८६ मधले छायाचित्र त्याच कामातले आहे आणि आजही फॅशन छायाचित्रणाचा इतिहास सांगताना ते दाखवले जाते. छायाचित्रकार गी बुर्दाँ यांनी १९६७ पासून शार्ल जुर्दाँ या पादत्राणांच्या कंपनीसाठी केलेले कामही अखेर बूट विकण्यासाठीच होते.

आता पांढऱ्या पार्श्वभूमीबद्दल. हे काम यांत्रिक आहे असे जे म्हणतात त्यांनी पांढऱ्या कागदासमोर पांढरा सदरा काढून पाहावा. पार्श्वभूमीवर मॉडेलपेक्षा सुमारे एक स्टॉप अधिक, म्हणजे दुप्पट, प्रकाश पुरतो. त्याहून जास्त दिला की तो प्रकाश परतून लेन्समध्ये शिरतो, कपड्याच्या कडा खाऊन टाकतो आणि सगळ्या चित्रावर पुसट धुके पसरते. मॉडेल कागदापासून निदान २ ते ३ मीटर पुढे उभी केली आणि तिच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या अगदी बाहेर, काळे फलक लावले, तर पांढऱ्या बाहीला बारीक करडी कड मिळते आणि कपडा कागदातून सुटा होतो. ही कड किती जाड हवी हे कापड पाहूनच ठरवावे लागते. हे मला तरी डोळ्याचेच काम वाटते.

उत्तरखिडकी :
माझे मत धागाकर्ती प्रकाशरेषा यांच्या बाजूचे आहे. करडाकागद यांनी दिलेली उदाहरणे खरी आहेत, पण निक नाइट यांच्या हाती आलेला कॅटलॉग आणि आजच्या ऑनलाइन विक्रीचा कॅटलॉग यांत नावापलीकडे फारसे साम्य नाही. तिथे एका कपड्याला जो वेळ मिळत असेल, त्या वेळात इथे अनेक कपडे काढून होतात.

छायाचित्रकार आर्व्हिंग पेन यांचे १९५० मधले पॅरिसचे काम पाहावे. सर्वांत वरच्या मजल्यावरचा साधा स्टुडिओ, नैसर्गिक प्रकाश आणि नाट्यगृहाचा एक जुना पडदा, एवढ्यावर त्यांनी त्या हंगामातले पॅरिसचे कपडे टिपले. तो पडदा त्यांनी पुढे आयुष्यभर जपून वापरला. आर्थिक चणचण होती म्हणून साधनांची ही निवड झाली नव्हती. कपड्याची बाह्यरेषा आणि अंगावर त्याचे बसणे याखेरीज दुसरे काहीही डोळ्यांना दिसू नये, यासाठी ती होती. असे पाहायला शिकण्यासाठी सलग मोकळा वेळ लागतो, आणि आठवड्यातले पाच दिवस कॅटलॉगमध्ये घालवणाऱ्याच्या हाती तो उरत नाही.

करडाकागद :
पेन यांचा दाखला माझ्याही बाजूने देता येतो. त्यांनी १९५३ मध्ये स्वतःचा स्टुडिओ उघडला आणि पुढे जाहिरातींचे भरपूर काम केले. छायाचित्रकार रिचर्ड एव्हडन यांनीही जाहिरातींची कामे कधी सोडली नाहीत. ज्यांच्या एडिटोरियल छायाचित्रांचे दाखले आपण देतो, त्यांतल्या बहुतेकांचा खर्च जाहिरातींनी उचलला होता.

तिपाई :
जाहिरात आणि ऑनलाइन कॅटलॉग यांची गल्लत होते आहे असे वाटते. जाहिरातीत छायाचित्रकाराची निवड त्याच्या शैलीमुळे होते, तर कॅटलॉगमध्ये त्याने शैली बाजूला ठेवावी अशी अपेक्षा असते. बाकी वादात मी पडत नाही.

वीणपारखी :
मी छायाचित्रकार नाही, स्टायलिस्ट आहे, त्यामुळे थोडे वेगळ्या बाजूने लिहिते. कॅटलॉग की एडिटोरियल या वादात दोन्ही पक्ष कपड्याला विसरत आहेत. माझ्या पाहण्यात जे छायाचित्रकार दोन्ही प्रकारांत उत्तम काम करतात, ते दिवे लावण्याआधी कपड्यांच्या रॅकपाशी येतात, कापड बोटांत धरून पाहतात आणि उजेडापुढे धरतात. जे येत नाहीत, त्यांच्या छायाचित्रांत मखमल आणि लोकर सारखीच दिसते.

मखमल प्रकाश गिळते. समोरून मोठा मऊ दिवा लावला की ती सपाट काळा डाग होते, पण बाजूने, किंचित मागून, तिरपा प्रकाश आला की लव उभी राहते आणि प्रत्येक चुणीची कड उजळते. सॅटिनचे उलट आहे. सॅटिन आरशासारखे वागते, म्हणून त्यावर दिवा पडतो कसा यापेक्षा त्यात दिवा दिसतो कसा हे पाहावे लागते. छोटा दिवा त्यात पांढऱ्या ठिपक्यासारखा टोचतो, तर मोठा आणि जवळचा सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी, दिव्यावर बसवायची कापडी पेटी) लांब सलग चकाकी देतो आणि कापडाचा ओघ कळतो. टिकल्यांना मऊ प्रकाश मुळीच मानवत नाही. त्यांना लहान, कडक दिवा लागतो, कारण प्रत्येक टिकलीत त्याचे वेगळे प्रतिबिंब उमटते आणि मॉडेल जराशी हलली तरी झगमग बदलते. जाळीदार आणि पारदर्शक कापडाला मागून प्रकाश द्यावा. काळ्या चामड्याच्या जाकिटाला समोरचा दिवा मंद ठेवून दोन्ही कडांना अरुंद पट्टीसारखे सॉफ्टबॉक्स लावले की शिवणी आणि खांद्याचा आकार दिसतो.

आता अडचण अशी की कॅटलॉगच्या दिवशी दिवे हलवायचे नसतात, आणि रॅकवर मखमल, सॅटिन, टिकल्या सगळेच टांगलेले असते. यावर मी पाहिलेला उत्तम उपाय म्हणजे कपड्यांचा क्रम कापडानुसार लावणे. विक्रीच्या यादीतला क्रम बाजूला ठेवून गडद आणि लव असलेले कपडे एकत्र, चमकदार कपडे एकत्र काढले, तर दिवसात दोन-तीनदाच प्रकाश बदलावा लागतो आणि प्रत्येक गटाला न्याय मिळतो. हे स्टायलिस्टशी आदल्या दिवशी बोलूनच ठरवता येते. दुर्दैवाने फार थोडे छायाचित्रकार आदल्या दिवशी फोन करतात.

प्रकाशरेषा :
वीणपारखी, कापडानुसार क्रम लावण्याची ही कल्पना फार मोलाची आहे. पुढच्याच शूटमध्ये ती करून पाहीन. एक शंका आहे. पूर्ण उंचीच्या चौकटीत पायापाशी प्रकाश उतरतो आणि लांब झग्याचा घेर काळवंडतो. दिवा वाढवला की चेहरा जळतो. आपण काय करता?

तिपाई :
याचे उत्तर दिव्याच्या अंतरात आहे. अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश होतो. दिवा चेहऱ्यापासून १ मीटरवर आणि पायापासून २ मीटरवर असेल, तर चेहरा आणि पाय यांत पूर्ण दोन स्टॉपचा फरक पडतो. तोच दिवा मागे नेऊन चेहऱ्यापासून ३ मीटर आणि पायापासून साडेतीन मीटर केला, तर फरक अर्ध्या स्टॉपपेक्षाही कमी राहतो. मागे नेल्यावर प्रकाश कडक होतो, म्हणून दिव्याचा पृष्ठभाग मोठा घ्यावा लागतो. जागा नसेल, तर दिव्याची दिशा चेहऱ्याकडे न ठेवता कमरेकडे किंवा त्याखाली ठेवावी, म्हणजे चेहऱ्यावर प्रकाशझोताची मंद कड पडते आणि घेराला मधला प्रखर भाग मिळतो.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट. पूर्ण उंचीच्या छायाचित्रात कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवला की पाय आखूड दिसतात आणि कपड्याचे प्रमाण बिघडते. कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणावा, लेन्स ८५ मिलिमीटर किंवा त्याहून लांब घ्यावी आणि स्वतः मागे जावे. ज्या शिंप्याने उंचीचा हिशेब करून कंबररेषा ठरवली आहे, त्याच्या कामाचा मान यातच राहतो.

नवशिका :
मी सध्या सहायक म्हणून काम करतो. उडत्या ओढणीचे किंवा गिरकी घेणाऱ्या घेराचे छायाचित्र काढताना शटर १/२०० सेकंद ठेवूनही कापडाच्या कडा पुसट येतात. फ्लॅश तर क्षणार्धात चमकतो, मग असे का होते?

करडाकागद :
स्टुडिओत आजूबाजूचा उजेड नगण्य असेल, तर हालचाल शटर थांबवत नाही, ती फ्लॅशच्या चमकण्याचा काळ थांबवतो. माहितीपत्रकात हा काळ बहुधा टी ०.५ या मापाने दिलेला असतो, म्हणजे प्रकाश अर्ध्यावर येईपर्यंतचा. त्यानंतरही उरलेला प्रकाश कापडावर पडतच राहतो आणि कडा पुसट करतो. टी ०.१ हे माप पाहावे. ते साधारणपणे तिप्पट मोठे असते, म्हणजे कागदावर १/१५०० सेकंद लिहिलेला दिवा प्रत्यक्षात सुमारे १/५०० सेकंदासारखा वागतो. गिरकी घेणाऱ्या घेरासाठी ते पुरेसे नाही.

दुसरे असे की जुन्या रचनेच्या अनेक दिव्यांत शक्ती कमी केली की चमकण्याचा काळ वाढतो, तर आयजीबीटी पद्धतीच्या (इलेक्ट्रॉनिक स्विचने चमक मध्येच तोडणाऱ्या) दिव्यांत शक्ती कमी केली की तो घटतो. आपला दिवा कोणत्या पद्धतीचा आहे हे माहीत नसेल, तर हालचाल थांबवण्यासाठी केलेला बदल उलटाच परिणाम देतो. भाड्याने दिवे घेताना हा प्रश्न आधी विचारावा.

उत्तरखिडकी :
पुसट कडा हा दोषच आहे असे मात्र मानू नये. मार्टिन मुंकाची यांनी १९३३ मध्ये हार्पर्स बझार या फॅशन मासिकासाठी समुद्रकिनाऱ्यावर धावणाऱ्या मॉडेलचे छायाचित्र काढले आणि फॅशनची छायाचित्रे स्टुडिओतल्या निश्चल मुद्रांमधून बाहेर पडली. त्याआधी कपडा दाखवायचा म्हणजे मॉडेलने पुतळ्यासारखे थांबायचे, अशीच प्रथा होती. हलणारा कपडा काय सांगतो हे तेव्हा वाचकांना दिसले. कॅटलॉगमध्ये पुसट कड चालणार नाही हे मान्य आहे, पण धागाकर्ती ज्या कामाकडे जाऊ इच्छितात तिथे ती निवड असू शकते, आणि निवड करण्याची सवय कॅटलॉगमध्ये राहत नाही हाच माझा मुद्दा आहे.

हिशेबवही :
मी छायाचित्रकारांच्या शूटचे नियोजन आणि करारांचे काम पाहते. येथे प्रकाशावर उत्तम चर्चा झाली आहे, परंतु कॅटलॉग बंद करावा की नाही हा प्रश्न मुळात पैशांचा आहे, आणि त्यावर अजून कोणी लिहिलेले नाही.

एडिटोरियलमधून क्वचितच पोट भरते. बहुतेक मासिके फार कमी मानधन देतात, अनेक काहीच देत नाहीत, आणि स्टुडिओचे भाडे, सहायक, मेकअप आणि रिटचिंग (छायाचित्रांची संगणकावरची दुरुस्ती) यांचा खर्च छायाचित्रकाराच्या अंगावर पडतो. त्याचा मोबदला पुढे कॅम्पेनच्या रूपाने मिळू शकतो, पण तो केव्हा मिळेल हे कोणाच्याही हातात नसते. बिल दिल्यावर ३०, ६०, कधी ९० दिवसांनी पैसे येण्याची प्रथा या व्यवसायात आहे, म्हणून आज थांबवलेल्या कॅटलॉगची पोकळी खात्यावर काही महिन्यांनी दिसते. तेवढ्या काळाचा घरखर्च आणि दोन-तीन टेस्ट शूटचा खर्च बाजूला काढलेला नसेल, तर कॅटलॉग थांबवू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

मोबदल्याचे दोन भाग वेगळे लिहावेत, हे मी प्रत्येक नव्या छायाचित्रकाराला आग्रहाने सांगते. पहिला भाग दिवसाच्या श्रमाचा आणि दुसरा वापराच्या परवान्याचा. परवान्यात कोणते माध्यम, कोणता प्रदेश आणि किती मुदत हे तिन्ही लिहिलेले असावे. एखाद्या ब्रँडने स्वतःच्या संकेतस्थळासाठी एका वर्षापुरती घेतलेली छायाचित्रे पुढे रस्त्यावरच्या फलकांवर लावायची ठरवली, तर तो वेगळा वापर आहे आणि त्याचा वेगळा मोबदला ठरतो. हे वाक्य करारात नसेल, तर नंतर मागणी करताना हातात काहीच नसते. छायाचित्राचा मूळ हक्क कोणाचा, याबाबत देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत आणि काही ठिकाणी पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क काम देणाऱ्याकडे जातो, म्हणून तोंडी समजुतीवर कधीही अवलंबून राहू नये.

शूट आयत्या वेळी रद्द झाल्यास किती टक्के रक्कम द्यायची, बाहेरच्या शूटला पाऊस आला तर तो दिवस कसा धरायचा, किती छायाचित्रांचे रिटचिंग मोबदल्यात धरले आहे आणि दुरुस्तीच्या किती फेऱ्या होतील, हेही आधीच लिहावे. खर्चाची रक्कम शूटपूर्वी घ्यावी. सहायक आणि मेकअप आर्टिस्ट यांचे पैसे ब्रँडचे पैसे येईपर्यंत अडवून ठेवणे मला अतिशय अयोग्य वाटते, कारण त्यांनी करार तुमच्याशी केलेला असतो.

नवशिका :
शेवटच्या वाक्याबद्दल मनापासून आभार.

वीणपारखी :
हिशेबवही यांच्याशी पूर्ण सहमत आहे. त्यात स्टायलिस्टही धरावेत. कपडे उसने आणण्यासाठी आम्ही स्वतःच्या नावावर हमी देतो, आणि एखाद्या कपड्यावर मेकअपचा डाग पडला तर भरपाई आमच्याकडे मागितली जाते. त्याची तरतूद शूटच्या खर्चात असायला हवी.

रॅम्पमागे :
मी अनेक वर्षे मॉडेल म्हणून काम केले आहे. कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूने लिहावे असे धागाकर्तीने म्हटले आहे, म्हणून लिहिते.

कॅटलॉगच्या दिवशी मॉडेलचे शरीर सर्वांत जास्त थकते. सतत कपडे बदलायचे, टाचांचे बूट घालून कडक जमिनीवर उभे राहायचे, आणि तरीही प्रत्येक चौकटीत खांदा त्याच कोनात ठेवायचा. चांगला छायाचित्रकार ‘छान दिस’ असे सांगत नाही. तो सांगतो, की वजन मागच्या पायावर घे, पुढचा गुडघा आत वळव, हनुवटी किंचित पुढे आण आणि मग खाली घे, बोटे सैल ठेव, खिशाची शिवण माझ्याकडे दिसू दे. शरीराच्या भाषेतल्या सूचना मिळाल्या की मॉडेलला काम समजते. बहुतेक छायाचित्रकार पडद्याकडे पाहून गप्प बसतात, आणि ती शांतता मॉडेलला नापसंतीसारखी वाटते. माझ्या मते सूचना देण्याचा हा सराव कॅटलॉगमध्ये जितका होतो तितका कुठेच होत नाही, कारण तिथे वेगवेगळ्या मॉडेलसोबत रोज काम असते.

कपडे बदलण्यासाठी बंद जागा, ठरलेल्या वेळी विश्रांती आणि कोणत्या प्रकारचे कपडे असतील याची आधी कल्पना, या गोष्टी उपकार म्हणून मिळू नयेत. एलव्हीएमएच आणि केरिंग या दोन मोठ्या फॅशन समूहांनी २०१७ मध्ये मॉडेलच्या आरोग्यासाठी आणि सन्मानासाठी संयुक्त सनद जाहीर केली. लहान शूटमध्ये असे नियम लागू करणारे कोणी नसते, म्हणून तिथे छायाचित्रकारानेच ती जबाबदारी उचलावी. कॉल शीटवर (शूटच्या दिवसाच्या वेळापत्रकाच्या कागदावर) या गोष्टी लिहिलेल्या असल्या तर मला त्या छायाचित्रकाराबद्दल पहिल्याच क्षणी विश्वास वाटतो.

सूक्ष्मदर्शी :
मी रिटचिंग करते. रंगांबद्दल थोडे लिहायला हवे, कारण कॅटलॉगमध्ये सर्वाधिक तक्रारी त्यावरूनच येतात. कृत्रिम धाग्यांचे काही काळे कपडे डोळ्यांना काळे दिसतात, पण छायाचित्रात तपकिरी किंवा तांबूस येतात. हे कापड डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परावर्तित करते आणि कॅमेऱ्याचा सेन्सर त्यांतला काही भाग पकडतो. पांढऱ्या कपड्यांत याच्या उलट घडते. त्यांतल्या चमक आणणाऱ्या रसायनांवर फ्लॅशमधले अतिनील किरण पडले की ते कपडे निळसर दिसू लागतात. अशा कपड्यांची नोंद शूटच्या वेळीच करून ठेवली आणि प्रत्येक प्रकाशयोजनेच्या सुरुवातीला २४ रंगचौकोनांच्या पट्टीचे एक छायाचित्र काढले, तर माझे काम निम्म्याने हलके होते. बारीक विणीच्या कापडावर लाटांसारखे रंगीत पट्टे उमटतात, तेही शूटवरच टाळता येतात. कॅमेरा थोडा पुढेमागे करावा किंवा कोन बदलावा. त्यासाठी टेदरिंग करून, म्हणजे कॅमेरा संगणकाला जोडून, मोठ्या पडद्यावर छायाचित्र १०० टक्के मोठे करून पाहणे आवश्यक आहे, कारण लहान पडद्यावर कधीकधी नसलेले पट्टे दिसतात आणि असलेले लपतात.

त्वचेबद्दल माझे मत ठाम आहे. डाग, उडालेले केस आणि धूळ काढावी, पण त्वचेचे छिद्र न् छिद्र पुसून मेणासारखा चेहरा करू नये, आणि शरीराचा आकार तर मुळीच बदलू नये. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून व्यावसायिक छायाचित्रात मॉडेलची शरीरयष्टी बारीक किंवा जाड केली असेल, तर ते छायाचित्र रिटच केलेले असल्याची सूचना त्यावर द्यावी लागते. नॉर्वेनेही जुलै २०२२ पासून जाहिरातींसाठी असा नियम लागू केला. कपडा मॉडेलच्या अंगावर बसत नसेल, तर पाठीमागे चिमटे लावून तो बसवावा. मॉडेलचे शरीर पडद्यावर कापून कपड्यात बसवणे ही ग्राहकाची फसवणूक आहे, आणि मी ते काम नाकारते.

तिपाई :
सूक्ष्मदर्शी यांच्या शेवटच्या वाक्याशी सहमत आहे, पण पाठीमागचे चिमटे हीसुद्धा एका मर्यादेनंतर फसवणूकच ठरत नाही का?

सूक्ष्मदर्शी :
प्रश्न योग्य आहे. योग्य मापाचा कपडा उपलब्ध नसताना तो मापात आणण्यासाठी चिमटे लावले, तर ग्राहकाला तिच्या मापाचा कपडा जसा दिसेल तसाच चित्रात दिसतो. सैल शिवलेला कपडा घट्ट भासवण्यासाठी चिमटे लावले, तर ती फसवणूक आहे, असे मी मानते.

उत्तरखिडकी :
एका भीतीचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. कपडा मॉडेलच्या अंगावर न घालता, संगणकाने तयार केलेल्या चेहऱ्यावर आणि शरीरावर तो चढवून कॅटलॉग बनवण्याचे काम सुरू झाले आहे. सर्वांत आधी जाणारे काम पांढऱ्या पार्श्वभूमीचेच असेल. म्हणूनही मला वाटते की धागाकर्तीने त्यावर विसंबून राहू नये.

रॅम्पमागे :
ही भीती आम्हा मॉडेलना अधिक आहे. न्यूयॉर्क राज्यात २०२५ मध्ये लागू झालेल्या कायद्यानुसार मॉडेलची डिजिटल प्रतिकृती वापरण्यासाठी तिची स्पष्ट लेखी संमती घ्यावी लागते. छायाचित्रकारांनी आपल्या संमतिपत्रात हे कलम आपणहून घालावे अशी माझी विनंती आहे. मॉडेलची छायाचित्रे प्रतिकृतीसाठी वापरली गेली तर त्यांत छायाचित्रकाराचा प्रकाश आणि चौकटही वापरली जाते, त्यामुळे हे कलम दोघांचेही रक्षण करते.

हिशेबवही :
परवान्याच्या कलमातही लिहावे की या छायाचित्रांचा उपयोग अशी संगणकी साधने तयार करण्यासाठी किंवा त्यांना शिकवण्यासाठी करता येणार नाही. अनेक ब्रँड ते मान्य करतात. मान्य न करणाऱ्यांचा हेतू निदान आधी कळतो.

उत्तरखिडकी :
छायाचित्रांच्या जतनाबद्दल एक टीप, थोडे विषयांतर होत असले तरी. लिलियन बॅसमन यांनी १९७०च्या सुमारास आपल्या फॅशन कामाच्या निगेटिव्ह मोठ्या प्रमाणात नष्ट केल्या. त्यांतली वाचलेली एक पिशवी १९९०च्या दशकात सापडली, त्यांनी त्या निगेटिव्ह नव्या पद्धतीने पुन्हा छापल्या आणि त्यांच्या कामाकडे जगाचे नव्याने लक्ष गेले. आज जे काम सामान्य वाटते ते पुढे कसे वाटेल हे सांगता येत नाही. मूळ फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम कॅटलॉगच्या कामालाही लावावा.

करडाकागद :
मूळ प्रश्नाकडे परत येतो. उत्तरखिडकी यांचा एक मुद्दा मी मान्य करतो. सलग मोकळा वेळ लागतो, आणि तो आपोआप मिळत नाही. पण त्यासाठी कॅटलॉग पूर्ण थांबवण्याऐवजी तो कोणाचा घ्यायचा हे ठरवावे. एकाच ग्राहकाकडून निम्म्याहून अधिक उत्पन्न येत असेल, तर तो ग्राहक तुमच्या दिवसांचा मालक होतो. दोन-तीन ग्राहकांची कामे ठरावीक आठवड्यांत एकत्र बांधून घेतली, तर महिन्यातला एक आठवडा सलग सुटतो.

आणि त्या आठवड्यात टेस्ट शूट करताना कॅटलॉगच्या उलट करून पाहावे. एकच कपडा घ्यावा, एकच दिवा घ्यावा, आणि दिवसभर त्या कपड्याभोवती दिवा फिरवत राहावे. वीणपारखी यांनी मखमल आणि सॅटिनबद्दल जे लिहिले ते वाचून पाठ होते, पण हाताला कळते ते अशाच दिवशी.

तिपाई :
पोर्टफोलिओही वेगळे ठेवावेत. संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर कॅटलॉगचे एकही छायाचित्र नसावे. ज्या ग्राहकाला ते हवे असेल त्याला मागितल्यावर वेगळी फाइल पाठवता येते. आर्ट डायरेक्टरना २० चांगली छायाचित्रे पुरतात. ६० पाहिल्यावर त्यांतली सर्वांत कच्ची त्यांच्या लक्षात राहतात.

उत्तरखिडकी :
करडाकागद यांनी सुचवलेली एक कपडा आणि एक दिवा ही पद्धत मला पूर्णपणे मान्य आहे. फक्त तो दिवा म्हणजे खिडकी असली तरी चालेल, एवढी भर घालतो. तिथे दिवा फिरवता येत नाही, म्हणून मॉडेलला फिरवावे लागते, आणि त्यामुळे कपड्याच्या पाठीकडे आणि बाजूंकडेही लक्ष जाते.

प्रकाशरेषा :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाचता वाचता माझा विचार बदलत गेला, तो असा. कॅटलॉग पूर्णपणे थांबवणार नाही. माझे निम्म्याहून बरेच अधिक उत्पन्न एकाच ग्राहकाकडून येते, हे करडाकागद यांचे वाचल्यावर हिशेब मांडून पाहिले तेव्हा दिसले, आणि माझ्या मनातल्या कोंडीचे मोठे कारण तेच असावे असे वाटते. त्या ग्राहकाशी बोलून दिवस कमी करणार आहे आणि महिन्यातला एक आठवडा मोकळा ठेवणार आहे. उरलेल्या कॅटलॉगच्या दिवसांसाठी स्टायलिस्टला आदल्या दिवशी फोन करून कापडानुसार क्रम लावून घेणार आहे. परवान्याचे आणि डिजिटल प्रतिकृतीचे कलम करारात आजच घालते.

पहिल्या टेस्ट शूटसाठी काळ्या मखमलीचा लांब बाह्यांचा झगा निवडला आहे. वीणपारखी, मागून तिरपा प्रकाश देताना तो लेन्समध्ये शिरू नये यासाठी आपल्या पाहण्यातले छायाचित्रकार काय करतात?

वीणपारखी :
दिव्याला मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी लावतात आणि दिवा व लेन्स यांच्या मध्ये काळा फलक उभा करतात. कपड्याबद्दल माझ्याकडून एवढेच सांगते. मखमलीला इस्त्री मुळीच लावू नका. आतल्या बाजूने वाफ द्या, लव एकाच दिशेने मऊ ब्रशने बसवा, आणि मॉडेलला दोन छायाचित्रांच्या मध्ये बसू देऊ नका, कारण बसल्यावर दबलेली लव सहज उठत नाही. तिला टेकण्यासाठी उंच स्टूल ठेवा आणि झगा मागून उचलून धरायला एक सहायक जवळ असू द्या.

नवशिका :
शूट कोणत्या आठवड्यात आहे ते कळवा. झगा धरायला मी येतो.